गुळाच्या ढेपेतलं पाणी

दुष्काळ पडला की शहाणपण आधी पाटलाला सुचतं. भुजंगराव पाटलानं दवंडी पिटवली, "गावविहिरीचं पाणी थेंबभरसुद्धा शिवेबाहेर जाता कामा नये." आणि स्वतः त्याच विहिरीवर दोन मोटा लावून ऊस भिजवत बसला.

सगुणाक्काची लेक पलीकडच्या वाडीत बाळंत झाली होती आणि तिथली विहीर ठणठणीत कोरडी. अक्का हंडा घेऊन निघाली, तर राखणदारानं तिला शिवेवर अडवलं. तेवढ्यात पाटलाच्या गुळाच्या गाड्या बाजाराला निघाल्या. त्यांना मात्र वाट मोकळी.

अक्का सरळ बैलांपुढं उभी राहिली. "गावचं पाणी चाललंय. अडवा यांना."

सारा गाव धावत आला. पंच आले, पाटीलही आला.

"म्हातारे, डोकं फिरलं का तुझं? गुळाच्या ढेपा आहेत या. यात पाणी कुठाय?"

"नाही म्हणता?"

"थेंबभर नाही. पंचांदेखत सांगतो."

"ऐकलंत ना पंचहो? वर्षभर दोन मोटांनी उपसलेलं पाणी या गुळात नसेल, तर ते फुकट गेलं. मग आजच मोटा सोडा. आणि गुळात असेल, तर ते शिवेबाहेर चाललंय. मग गाड्या माघारी फिरवा. पाटील, काय ते तुम्हीच सांगा."

पाटलानं पागोटं सारखं केलं. मग राखणदारावरच खेकसला, "जाऊ दे रे तिचा हंडा."

"हंडा तर जाईलच," अक्का बैलांपुढून न हलता म्हणाली. "आता मोटांचं बोला."

पण बोलायचं कशाला? निम्मा गाव मोटा सोडायला केव्हाच विहिरीकडं पळाला होता.