बोय आणि फुई

हे कुणाला सांगू नकोस असं हेमांगीने मला बजावलं होतं, पण पोटात राहत नाहीये.

आमचे नाडगौडा सर स्पॅनिश शिकवतात. त्यांचा दंडकच होता, की क्रियापद कृतीसकट म्हणायचं आणि जे शिकवलेलं नाही ते वर्गात कुणी करायचं नाही. ‘पिणे’ अजून व्हायचं होतं, त्यामुळे त्यांच्या तासाला कुणाला घोटभर पाणी मिळालं नव्हतं.

त्या दिवशी ‘जाणे’ होतं. ‘मी जाते’ म्हणजे बोय आणि ‘मी गेले’ म्हणजे फुई. एकाच क्रियापदाची रूपं, पण एकमेकांना ओळखही न देणारी! इतक्यात मैदानावर खो-खोच्या अंतिम सामन्याची शिट्टी झाली. आमची कप्तान हेमांगी. ती उठली.

“सर, जाऊ?”

“आधी दोन्ही रूपं, कृतीसकट! सामना गेला खड्ड्यात,” सर मिशीला पीळ देत म्हणाले.

 हेमांगी हळूच “बोय” म्हणाली आणि दाराकडे चालू लागली. बाहेर पोचल्यावर मात्र जोरात ओरडली, “फुई!”

“अगं ए! परत ये!”

खिडकीत तिचं डोकं दिसलं. “सर, ‘येणे’ तुम्ही अजून शिकवलं नाहीत.”

सर खडू शोधेपर्यंत अख्खा वर्ग “बोय, बोय” करत दाराबाहेर होता. मी सगळ्यांत शेवटी निघाले, म्हणून फक्त मला दिसलं आणि मी ते एकट्या हेमांगीला सांगितलं. सरांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, हळूच पाण्याची बाटली उघडली आणि... थांब, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!