नबीच्या खुर्चीवरची पेटी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. खोटी निघाली तर येत्या शनिवारी माझा तेलाचा घाणा आपोआप फिरो. आणि शनिवारी घाणा फिरणं म्हणजे शनिवारी, शब्बाथला, कामाला हात न लावणाऱ्या आम्हा यहुदी बेने इस्राएल तेल्यांसाठी काय असतं, ते अष्टागरच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. आमचा घाणा आजोबांनीच विकून टाकला होता, ही गोष्ट वेगळी.

शिवाय माझ्या आजीचे मामा त्या होडीत बसलेले होते. त्यांनी सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढे मी सांगेन की होडीत वल्हवणारा कोळी सोडला तर दोघंच होते. तिकडे फार लक्ष देऊ नका.

तर...

"बाबा, आजची सुंता मी करू ना?"

हस्केलनं हे खाडीच्या मधोमध विचारलं. बाबा म्हणजे बनाजीबाबा. आमच्यात मुलाची आठव्या दिवशी सुंता करणाऱ्याला मोहेल म्हणतात. बनाजीबाबांसारखा मोहेल त्या किनाऱ्यावर झाला नाही. त्यांच्या सुरीला अशी धार, की तिच्या सावलीत कांदा ठेवला तरी चिरला जायचा. पोरं रडायची ती सुंतेमुळे नव्हे, दूध उशिरा मिळालं म्हणून.

हस्केल त्यांचा शिष्य, वर्षभरापूर्वीच आलेला. लग्नाच्या वयाचा, देखणा, आणि स्वतःच्या हातावर बायकोसारखं प्रेम करणारा.

सुरीची सागवानी पेटी बाबांनी मांडीवर घेतली होती. हस्केलला तिला बोटही लावू दिलं नव्हतं.

"बाबा, मी काल ताडगोळा सोलला. वरची साल काढली, आतल्या पाण्याचा थेंब सांडला नाही."

"मग?"

"मग काय! पहिली सुंता माझ्या हातून करवाल असं तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणालो होतो खरं."

"आज जिच्या घरी चाललोय त्या सिप्पोरावहिनीची आधीची दोन्ही बाळं सुंतेनंतर गेली, म्हणून तुम्ही घाबरता. अहो, कुणाचा तरी थरथरता हात लागला असेल! असले म्हातारे सुरी सोडत नाहीत आणि..."

त्याचं लक्ष बाबांच्या पांढऱ्या दाढीकडे गेलं. त्यानं जीभ चावली.

वल्हवणारा कोळी खुदकन हसला.

बाबांनी खाडीच्या पाण्यात बोट बुडवलं. "हस्केल, सुंता कशासाठी?"

"अब्राहामबाबांशी देवानं करार केला. ही त्या कराराची खूण."

"खूण कुणाला दाखवायची? देवाला? तो विसरभोळा आहे का?"

"नाही... आपल्याला. आपण विसरू नये म्हणून."

"तुझी झाली तो दिवस तुला आठवतो?"

"आठव्या दिवसाचं कुणाला आठवतं, बाबा?"

"मग तुझ्या वतीनं कबूल कोण झालं?"

हस्केल उतरायच्या तयारीला लागला.

होडी किनाऱ्याला लागली.

सामाजी तेल्याचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. ओसरी शेणानं सारवलेली. भिंतीशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक बाळाला मांडीवर घेणाऱ्याची. दुसरीवर पांढरं वस्त्र अंथरलेलं, तिच्यावर कुणीही बसायचं नाही. ती एलियाहू हन्नबीची, म्हणजे देवाच्या प्रेषिताची. प्रत्येक सुंतेला तो नबी येतो आणि करार पाळला जातो की नाही, ते डोळ्यांनी पाहतो. दिसत नाही, पण येतो. आमच्या पाहुण्यांत वेळेवर येणारा तो एकटाच.

परातीत मलिदा होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर वेलची आणि गुलाबाच्या पाकळ्या, भोवती फळं रचलेली. देवाचे आभार मानायचे तर आम्ही नबीच्या नावानं मलिदा करतो. दोन मुलं पुरलेल्या घरात तिसऱ्याच्या वेळी मलिदा! हस्केलला ते विचित्र वाटलं.

सामाजीची बायको सिप्पोराबाई बाळ घेऊन दारात उभी होती. हिरवं लुगडं, डोळे जागरणानं लाल. तिनं वाकून बाबांच्या पाया पडायला पाहिलं तर बाबाच दोन पावलं मागे सरले.

"आलात, बाबा. मला वाटलं येणार नाही."

"तू बोलावल्यावर?"

बाबांनी बाळाचा चेहरा पाहिला. मग पेटी जमिनीवर ठेवली. उघडली नाही.

"आज सुंता नाही," ते म्हणाले.

सामाजीचा चुलता आकोबा, घरातला सगळ्यांत थोरला, तो काठी आपटत उठला.

"नाही म्हणजे? लोक जमले. खुर्ची मांडली. नबी आला असेल. त्याला दाखवायचं काय?"

"बाळ."

"बनाजी, थट्टा नको. खुणेशिवाय हा पोरगा आपल्यातला कसा? उद्या गाव काय म्हणेल? सामाजीच्या घरी करार मोडला!"

"दोन भाऊ सुंतेनं गेले असतील तर तिसऱ्याला सुरी लावायची नाही. हे मी नाही म्हणत, शास्त्रच म्हणतं. मोठा होऊ दे, अंगात रक्त भरू दे, मग बघू. नाही बघितलं तरी, आपल्यात जात आईकडून येते; आई आपली, म्हणजे मुलगाही आपलाच."

"शास्त्रात पळवाटा ढीगभर! पहिल्याच्या वेळी मोहेल आंधळा होता. दुसऱ्याच्या वेळी मी इथं नव्हतो, कुणी केली देव जाणे!"

हस्केलला आता राहवेना. "आकोबाकाका बरोबर बोलतात, बाबा. दोष हाताचा आहे. चांगला हात असेल तर..."

"सिप्पोरा," बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या वेळचं सांग."

तिनं बाळाचं टोपडं नीट केलं.

"काही रडला नाही," ती म्हणाली. "झालं कधी ते कळलंही नाही. सगळे म्हणाले, काय हात आहे! मग रक्त थांबेना... फडकी बदलत राहिलो. पांढरी संपली, मग माझं लुगडं फाडलं. सकाळी..."

सामाजी तोंड फिरवून घाण्याकडे बघत होता.

"सुंता कुणी केली होती, वहिनी?" हस्केलनं विचारलं.

सिप्पोराबाईनं बाबांकडे पाहिलं.

बनाजीबाबांनी उजवा हात पुढे केला आणि तळवा उघडला.

"या हातानं."

हस्केलनं त्या तळव्याकडे पाहिलं.

"शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या दिव्याला तेल नेहमी हिच्या घरून यायचं. त्या आठवड्यात मला वाटलं, आता येणार नाही. यायलाही नको. मी अंधारात बसायची तयारी करून बसलो... आणि तेल आलं."

"ते तुमचं ठरलेलं होतं, बाबा," सिप्पोराबाई म्हणाली. "तुम्ही का अंधारात बसायचं?"

आकोबाची काठी खाली आली. पण माणूस हट्टी. बसता बसता पुटपुटलाच, "तरीही... खूण नसेल तर..."

ते पुटपुटणं सिप्पोराबाईला लागलं. तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं, मग एकाएकी हात पुढे केले.

"करा, बाबा. देवाचंच लेकरू. त्यानंच दोन नेली. याला घराबाहेरचा म्हणवून जगवू कशी मी? सगळ्यांच्या पंगतीला बसेल तेव्हा लोक बोटं दाखवतील. करा, मी बघते."

परातीवर एक माशी बसली होती, तिला कुणी हाकललं नाही.

बाबांनी बाळ घेतलं. थोडा वेळ झुलवलं. मग वळून ते हस्केलच्या डाव्या हातावर ठेवलं. वाकून सागवानी पेटी उचलली आणि त्याच्या उजव्या हातात दिली.

"घे. पहिली सुंता तुझी."

"बाबा?"

"तुझा हात माझ्याहून हलका आहे ना? ताडगोळ्याचं पाणी सांडत नाही. मी शब्द दिला होता. पाळतो."

हस्केलला पेटी आजवर कधी धरायला मिळाली नव्हती. सारं आयुष्य याच पेटीची वाट पाहिलेली. अंगठा कडीवर गेला. एवढंसं काम. कडी काढायची, झाकण उघडायचं, आणि सिद्ध करायचं की दोष हाताचा होता. बनाजीबाबांहून श्रेष्ठ! अख्खा किनारा म्हणेल.

तेवढ्यात बाळानं आळस दिला. दुपट्यातून एक मूठ बाहेर आली, हवेत चाचपडली, आणि हस्केलच्या डाव्या हाताचं बोट तिला सापडलं.

धरलं.

आठ दिवसांच्या पोराची पकड ती केवढी? पण हस्केल सांगायचा, आमच्या घाण्याच्या बैलालाही ती सोडवता आली नसती.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा उजवा हात थरथरायला लागला. पेटीची कडी किणकिणत होती. ओसरीवरल्या सगळ्यांनी ऐकलं.

तो नबीच्या खुर्चीपाशी गेला. पेटी, न उघडलेली, पांढऱ्या वस्त्रावर ठेवली.

"नबीबाबा," तो म्हणाला, "पुढचं तुम्ही बघा."

आकोबा काही बोलणार होता. बाबा त्याच्याकडे वळले.

"आकोबा, अब्राहामबाबांनी सुरी दोनदा उचलली. एकदा सुंतेला, तेव्हा कापलं. एकदा देवाला बळी द्यायला, स्वतःच्या पोराच्या मानेपर्यंत नेली आणि वरून हाक आली, ठेव म्हणून. उचल म्हणणारा तोच, ठेव म्हणणाराही तोच. आता तू सांग, करार कोणत्या वेळी पाळला?"

आकोबा खुर्चीकडे बघत राहिला. मग त्यानं डोकीची टोपी सारखी केली आणि काठी दाराआड नेऊन ठेवली. त्याचं हे असंच होतं. चूक कबूल करायची झाली की काठी बाजूला ठेवायचा.

"नाव काय ठेवायचं?" त्यानं विचारलं.

बाबांनी सिप्पोराबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुम्हीच ठेवा."

"इसाक."

सुरीखालून परत आलेल्या मुलाचं नाव. सिप्पोराबाई आधी रडली आणि मग हसायला लागली, आणि ती हसते म्हणून सामाजी हसला. बाबांनी मनुकांच्या सरबतात बोट बुडवून बाळाच्या ओठांना लावलं. सगळ्यांनी नबीचं गाणं म्हटलं. हस्केलला ते म्हणता येईना, कारण त्याचं बोट अजून सुटलेलं नव्हतं आणि त्याला ते सोडवायचंही नव्हतं.

मलिदा सिप्पोराबाईनं स्वतः वाढला. पहिली मूठ नबीच्या खुर्चीपुढे. मग दोन लहान मुठी बाजूला काढल्या. कुणी विचारलं नाही, कोणासाठी.

"वहिनी," हस्केल हळूच म्हणाला, "आज काय व्हायचं ते ठरलं नव्हतं. मलिदा सकाळीच करून ठेवलात. आभार कशाचे मानणार होता?"

"तो सकाळी उठला म्हणून," ती म्हणाली. "खा. गूळ कमी पडलाय का?"

परतीच्या होडीत पेटी हस्केलच्या मांडीवर होती. खाडीवर ऊन उतरलं होतं. अर्ध्या पाण्यात त्यानं धीर केला.

"बाबा, मी कापलं असतं तर?"

"पेटी उघड."

त्यानं उघडली. आत कापूस, जखमेवर लावायची भुकटी, आणि सुरीच्या आकाराची रिकामी खाच.

सुरी घरीच होती.

...

आता खरं सांगून टाकतो. नाहीतर कुणीतरी जुना घाणा शोधून काढून शनिवारी फिरवून दाखवेल.

पेटी रिकामी होती, एवढं मी रचलं. बाकी सगळं जसं ऐकलं तसं सांगितलं, बैलाचं सोडून. आजीचे मामा सांगायचे ते वेगळं. ते म्हणायचे, सुरी पेटीतच होती, आदल्या दिवशीच पाजवलेली, उन्हात अशी चमकली की कोळ्यानं डोळ्यांवर हात धरला. मी हे सांगायला लागलो की प्रत्येक वेळी ती सुरी पेटीतून काढून घेतो. माझ्या मांडीवर नातू असतो, मी काय करू?

तर खरं असं, की हस्केल त्या सुरीकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "धार लावलेली सुरी... माझ्या हातात दिलीत? मी कापलं असतं तर, बाबा?"

बनाजीबाबांनी खिशातून पानात बांधलेला मलिदा काढला. अर्धा त्याला दिला.

"मी तुझ्या उजव्या हाताकडे बघतच नव्हतो रे," ते म्हणाले. "बाळानं तुझं बोट धरलं, तेव्हाच मी निर्धास्त झालो."