गोमाचा वाटा

खाडीकाठच्या एका गावात गोमा नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगाल ते ऐकायचा. तेवढंच ऐकायचा.

त्या वर्षी गावातल्या काही घरांनी, त्यात गोमाच्याही, हिराजी नाखव्याशी बोली केली. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांनी पैसे द्यायचे आणि दर रविवारी जाळ्यात येईल त्याचा सारखा वाटा घ्यायचा. मध्ये दलाल नाही. "होडी आपली सगळ्यांची!" नाखवा म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोमाने जरा जास्तच वाजवल्या.

गोमाची बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कालवणाचे डोहाळे लागले होते. आईने गोमाला वाटा आणायला धक्क्यावर पाठवलं.

पहिल्या रविवारी बांगडे मिळाले. गोमाने ते धोतराच्या सोग्यात बांधले, वाटेत आंब्याखाली झोप काढली आणि घरी आला. त्याच्याआधी वास आला.

"मेल्या, वाटा बर्फात घालून आणायचा!" आई ओरडली.

"बरं," गोमा म्हणाला.

दुसऱ्या रविवारी वारं सुटलेलं. होडी गेलीच नाही, म्हणून नाखव्याने घरचे सुके बोंबील वाटले. गोमाने ते बर्फात पुरून आणले. घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा झाला.

"अरे, वाटा उन्हात कोरडा ठेवायचा!"

"बरं."

तिसऱ्या रविवारी चिंबोऱ्या मिळाल्या, जिवंत, नांग्या हलवणारे खेकडे. गोमाने त्या वाळूत, उन्हात ओळीने मांडल्या. मग रिकामी टोपली घेऊन घरी आला.

"चिंबोऱ्या कुठायत?"

"त्यांना ऊन सोसलं नाही. त्या घरी गेल्या."

बहीण रडायला लागली. शेजारच्या घरातून रश्श्याचा वास येत होता. आईने कपाळावर हात मारला. "पुढच्या वेळी काही झालं तरी आपला वाटा घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस!"

"बरं."

चौथ्या रविवारी जाळं रिकामं आलं. "तोट्यातही वाटेकरी राहायचं, हीच आपली बोली," नाखवा म्हणाला. लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या आणि घरी जाऊन त्याला शिव्या दिल्या.

गोमा तिथेच उभा राहिला. "माझा वाटा?"

"कशातला देऊ, बाबा? आता होडीच तेवढी उरलीय!" नाखवा हसला आणि जेवायला गेला.

ओहोटी होती. होडी चिखलात टेकली होती. गोमाने पहार शोधली.

संध्याकाळी भरती आली. सगळ्या होड्या डुलत वर आल्या. हिराजी नाखव्याची तेवढी जागची हलली नाही. पाणी तिच्या आत भरत गेलं, मग वरून गेलं, मग नुसती डोलकाठी दिसायला लागली.

नाखवा किनाऱ्यावर छाती पिटत बसला. सगळे वाटेकरी धावत आले. गर्दीतून वाट काढत, तळाची फळी काखेत धरून, गोमा पुढे झाला. त्याने नाखव्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका, नाखवा. मी फक्त माझाच घेतलाय. बाकीच्यांचे वाटे पाण्याखाली सुखरूप आहेत."