हिरवळीखालची ओल

एकदा एका व्यापाऱ्याने न वाढणारे, न सुकणारे गवत विकत घेतले. गाव समुद्रकाठचे. तिथली हवा अशी की दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच लागावेत, आणि ऊन असे की दुपारी अंगणात अनवाणी पाऊल टाकवू नये.

व्यापाऱ्याला एकच मुलगी होती, एकोणीस वर्षांची. तिला गोल्फचे वेड. मागच्या अंगणातल्या ओबडधोबड गवतावर ती रोज सकाळी चेंडू हलकेच टोलवून खळग्यात घालण्याचा सराव करी. तिथे गुळगुळीत कृत्रिम हिरवळ घालून द्या, असे तिने वडिलांना तीनदा सांगितले होते. वडील दरवेळी म्हणाले, पुढच्या वर्षी. माणूस कंजूष नव्हता; आपल्या हाती वेळ आहे असे त्याला वाटत होते, आणि ही चूक तुम्ही-आम्ही सगळेच करतो. भाद्रपदात मुलीला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली.

व्यापारी रडला नाही. त्याने तिच्या खोलीला कुलूप घातले आणि घरात तिचे नाव काढायचे नाही, असे सर्वांना बजावले. त्याची पत्नी न्हाणीघरात नळ सोडून रडत असे. अकरा महिने तिने हे सोसले. मग एके दिवशी शांतपणे सांगितले की, वर्षश्राद्ध झाले की मी भावाकडे जाईन, परत येईन असे समजू नका. ज्या घरात माझ्या मुलीचे नाव चालत नाही, तिथे मी कशी राहू? दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने हिरवळ घालणाऱ्याला निरोप धाडला, वर्षश्राद्धाच्या आत माझ्या अंगणात हिरवळ झाली पाहिजे.

हे काम जाणणारा एक वृद्ध त्या गावात होता. जमीन सपाट करण्यात त्याचा जन्म गेला होता; आधी मळणीची खळी आणि देवळांपुढची अंगणे, मग शाळांची मैदाने, आणि म्हातारपणी ही नवी हिरवळ. त्याचा शिष्य पस्तिशीचा, शिकलेला, हाताचा मोठा सफाईदार. वृद्धाचा गुडघा धरला होता म्हणून शिष्य एकटाच गेला. गुरूची रीत ठरलेली: हातभर खणायचे, तळाशी मोठी खडी, वर बारीक खडी, त्यावर दगडाची भुकटी ठोकून बसवायची, किंचित उतार द्यायचा आणि मगच गवताची चटई अंथरायची. शिष्याने कुदळ उचलली तोच व्यापाऱ्याने थांबवले. खणायचे नाही, म्हणाला. मातीवर जाड प्लास्टिक अंथरा, खालून काही म्हणजे काही वर येता कामा नये. शिष्याला हे पटले नव्हते. पण मुलगी गमावलेल्या बापाशी वाद कोण घालणार? त्याने सांगितले तसे केले.

श्राद्धाला दोन दिवस उरले असताना वृद्ध काठी टेकत काम पाहायला आला. हिरवळ देखणी झाली होती. सांधे शोधून सापडत नव्हते. शिष्य कौतुकाच्या शब्दाची वाट पाहत उभा होता. वृद्धाने बादलीभर पाणी मागितले आणि ते हिरवळीच्या मधोमध ओतले. मग दुसरी बादली, मग तिसरी, अशा सात. नंतर तो पायरीवर नुसता बसून राहिला. व्यापारी आणि त्याची पत्नी दारात येऊन पाहू लागली. घटकाभराने वृद्धाने उठून हिरवळीवर काठी दाबली, तर टोकाभोवती पाणी वर आले आणि कुबट वास सुटला. तेव्हा त्याने कमरेचा चाकू काढला आणि ती नवीकोरी हिरवळ या कडेपासून त्या कडेपर्यंत फाडली.

शिष्याचा चेहरा पडला. व्यापाऱ्याने धावत येऊन वृद्धाचा हात धरला. “काय केलंत हे बाबा? माझ्या मुलीसाठी होतं ते.”

वृद्धाने हात सोडवून घेतला नाही. तो म्हणाला, “शेठ, कोरड्या मुलखात हे चाललंही असतं. तिथलं पाणी वरच्या वर उडून जातं. आपल्याकडची हवा आधीच ओली, ती आणखी कुणाचं पाणी घेत नाही. इथं पाण्याला खालून वाट करून द्यावी लागते. नाही दिली, तर वरून सगळं हिरवं दिसतं आणि खाली कुजत जातं. मी अंगणाचं बोलतोय. घराचं तुम्ही बघा.”

शिष्याने मुकाट्याने प्लास्टिक ओढून काढले. खाली कोंडलेल्या ओलीने काळा चिखल झाला होता. व्यापाऱ्याची पत्नी पायरी उतरून त्या चिखलात गेली आणि बोट दाखवून म्हणाली, “ती इथं उभी राहायची. इथलं गवत झिजलं होतं.”

मग व्यापारी म्हणाला, “तिथं नाही. पलीकडच्या अंगाला. केतकी डावखुरी होती ना.”

वर्षभरात ते नाव त्या घरात प्रथमच उच्चारले गेले. पत्नी वळून त्याच्याकडे पाहत राहिली. तुम्ही तर कधी अंगणात आला नाहीत, मग तुम्हाला कसे ठाऊक, असे तिने विचारले.

“वरच्या खिडकीतून बघायचो. रोज. खाली आलो असतो, तर तिनं हिरवळीचं विचारलं असतं.” एवढे बोलून तो चिखलातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

पत्नी मग राहिली, असे सांगून मला गोष्ट गोड करता आली असती. श्राद्ध उघड्या अंगणाशेजारीच झाले आणि ती ठरल्याप्रमाणे भावाकडे गेली. पंधरा दिवसांनी परत आली, तेव्हा व्यापारी खणलेल्या अंगणात शिष्याबरोबर स्वतः खडी पसरत होता. तिने पदर खोचला आणि एक घमेले उचलले.

काम संपत आले तसे शिष्याने हळूच गुरूला विचारले, “बाबा, इथं आता खेळणार कोणी नाही. मग उतार इतका काटेकोर कशाला?”

“खेळायला कोणी नाही रे,” वृद्ध म्हणाला, “पण पाऊस तर दर वर्षी येणार.”

शिष्याने दोरी ताणली आणि उतार पुन्हा एकदा तपासून घेतला.