भिकू मयेकरने लावलेल्या लिंका

ही गोष्ट अगदी खरी आहे. देवाशप्पथ. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तेव्हा मी त्या गावात नव्हतो, आणि नंतरही कधी गेलो नाही. पण ज्याने मला सांगितली तो माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. निवडणुकीला उभा राहिला तेवढा महिना सोडला तर.

तर समुद्राकाठच्या एका गावात भिकू मयेकर नावाचा एक भोळा माणूस होता. घरामागे नारळाची बाग, बागेत दोन खोल्या. तिथे तो आणि त्याची बायको शेवंती पाहुणे उतरवायचे. खोल्या स्वच्छ. शेवंतीच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन माणसं ताट चाटायची. वेबसाइटसुद्धा होती. फक्त पाहुणे येत नव्हते.

श्रावण लागला तशी शेवंती म्हणाली, "अहो, दिवाळीपर्यंत वाट बघीन. नाहीतर दोन्ही खोल्या माझ्या दादाला देऊन टाकीन. त्याला खताच्या गोण्या ठेवायला जागा हवीच आहे."

भिकूला पाहुणे फार आवडत. पाहुणा आला की हा समोर बसून विचारायचा, तुमच्याकडे पाऊस किती, म्हशी किती, सासुरवाडी कुठली. खताच्या गोणीला काय विचारणार?

"मग काय करू?" तो म्हणाला.

"पाहुणा काय नुसता झोपायला येतो? त्याला बोट लागते, रिक्षा लागते, कोकम लागतं. आपल्या वेबसाइटवर गावातल्या लोकांच्या लिंका लावा. नाव दाबलं की त्यांचं पान उघडेल. आपण त्यांचं नाव लावलं तर ते आपलं लावतील."

भिकू बसला आणि त्याने संध्याकाळपर्यंत निम्मं गाव वेबसाइटवर चढवलं. पहिलं नाव दामू खोताच्या बोटीचं.

दुसऱ्या दिवशी दामू दारात उभा. "भिकल्या! नारळी पौर्णिमेआधी बोट पाण्यात घालतं का रे कोणी? माझी बोट झावळ्यांखाली झोपलीय, आणि अंगणात दोन बायका लाइफ जॅकेट घालून बसल्यात! मला विचारलंस?"

"नाही."

"मग माझं नाव लावलंस कसं?"

"हातानेच लावलं."

दामू गेल्यावर शेवंतीने कपाळाला हात लावला. "अहो, आधी विचारायचं. विचारल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. रीत असते ती."

"आता लक्षात ठेवीन," भिकू म्हणाला. आणि ठेवलं.

आठवड्याने इचलकरंजीचा एक पाहुणा आला. सकाळी न्हाणीघरातून टॉवेल धरून बाहेर पळाला. अंगभर साबण.

"आत साप आहे! गावात साप धरणारं कोणी आहे का?"

"आहे की. फार हुशार आहे."

"कोण?"

भिकूने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "थांबा. विचारून येतो."

"सापाला?"

"छे हो. धरणाऱ्याला. न विचारता नाव कसं घ्यायचं?"

भिकूने सायकल काढली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला अंतू साप धरणारा राहायचा. "अंतूभाऊ, एका माणसाला तुझं नाव सांगू का?"

"सांग की. काय काम होतं त्याचं?"

"ते मी कसं सांगू? आधी त्याला विचारायला हवं."

भिकू तसाच माघारी आला. बघतो तर पाहुणा साबणासकट रिक्षात बसून निघून गेलेला. सापही कंटाळून गेला होता.

शेवंती म्हणाली, "अहो देवमाणूस, अडलेल्याला ताटकळत ठेवायचं नसतं! त्याला जे हवं त्याच्या थेट दारात नेऊन सोडायचं!"

"आता लक्षात ठेवीन," भिकू म्हणाला.

मग कोल्हापूरचं नवं जोडपं आलं. नवरामुलगा म्हणाला, "काका, उकडतंय हो. एसीची खोली नाही का?"

झालं. भिकूने त्यांच्या बॅगा डोक्यावर घेतल्या आणि थेट सुर्व्यांच्या लॉजच्या दारात नेऊन सोडल्या. तिथे एसी होता. सुर्वे इतके खूश झाले की त्यांनी भिकूला बसवून कांदाभजी खाऊ घातली. भिकूही खूश होऊन घरी आला.

"सुर्व्यांकडे?" शेवंती किंचाळली. "अहो, ते आपलाच धंदा करतात! आपलाच धंदा करणाऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. बाकीच्यांचं खुशाल घ्या. आणि नाव नुसतं टांगू नका, त्याच्याबद्दल दोन बरे शब्द लिहा."

"आता लक्षात ठेवीन."

आपला धंदा न करणारं गावात कोण कोण आहे, ते बघत भिकू बाजारभर फिरला. नाना तेल्यांचं दुकान त्याला पसंत पडलं. नाना मयताचं सामान विकायचे. भिकूने रीतीप्रमाणे विचारलं. नाना म्हणाले, "लाव बापड्या, एवढी हौस आहे तर." मग भिकूने पानावर सगळ्यात वर दोन बरे शब्द लिहिले: "आमच्या पाहुण्यांसाठी खास. नानांचं सामान एकदा वापरलं की माणूस पुन्हा दुसरीकडे जात नाही. आजवर एकाही वापरणाऱ्याची तक्रार नाही."

साताऱ्याचं एक कुटुंब आजोबांना हवापालटासाठी आणणार होतं. फोन आजोबांचाच आला. "माझी तब्येत एकदम सुधारली आहे," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

आता मात्र शेवंती रडकुंडीला आली. "अहो, दिवाळी तोंडावर आली! वाचणाऱ्याचा जरा विचार करा. एकेक नाव नीट बघा. जे बंद असेल, जे पाहुण्याच्या कामाचं नसेल, ते काढून टाका. आपलाच धंदा करणारा तर औषधालासुद्धा ठेवू नका."

आणि ती फराळाला लागली.

भिकू पान घेऊन बसला. नानांना काढलं. दामूची बोट आता पाण्यात होती, तिला नानांच्या जागी चढवलं. घरोघर जाऊन विचारलं, एकेकाबद्दल मनापासून लिहिलं. कोकमवाल्या सुमनताईंबद्दल लिहिलं की त्या सरबतात साखर घालतात पण बोलण्यात घालत नाहीत. शेवटी राहिलं एकच नाव. 'मयेकर यांच्याकडे घरगुती राहण्याची सोय.'

भिकूने विचार केला. हे कुठला धंदा करतात? आपलाच. अगदी डिट्टो आपलाच.

त्याने ते काढून टाकलं.

पान झालं मात्र झकास. सगळ्या गावाने ते आपापल्या पानांवर लावलं. लोकांना आवडलं आणि दिवाळीला गावात माणूस मावेना. राहायचं कुठे ते मात्र पानावर नव्हतं. एसटी स्टँडसमोर सुर्व्यांची पाटी होती. जो तो तिकडेच.

पाडव्याच्या दुपारी शेवंती मासळी आणायला गेली होती. सुर्वे स्वतः चालत भिकूच्या अंगणात आले. मागे नागपूरकडची मोठी मंडळी: सासवा, सुना, जावई, कडेवरची पोरं.

"भिकूशेठ," सुर्वे म्हणाले, "माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही. ही मंडळी तुमच्याकडे पाठवू का? आठवडाभर राहतील. आवडलं तर दरवर्षी येतील. म्हटलं, परस्पर पाठवण्यापेक्षा आधी विचारावं."

भिकूचं मन भरून आलं. किती ती माणसं! त्याने एका म्हातारीला पाऊसपाणी विचारूनही घेतलं. आणि मग त्याचा चेहरा गंभीर झाला.

"सुर्वेशेठ, तुमचा धंदा काय?"

"लॉजचा."

"आणि माझा?"

"तोच की."

"मग तुम्ही माझं नाव घेतलंतच कसं? आपलाच धंदा करणाऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं! बरं झालं, मला विचारलंत. दुसरा असता तर तुमचं नुकसान होऊ दिलं असतं."

म्हातारी म्हणाली, "पण बाप्पा, मग आम्ही राहायचं कुठं?"

"आजी, जागा आहे. स्वच्छ आहे, जेवण तर विचारूच नका. पण तो आमचाच धंदा करतो. नाव नाही घेता यायचं."

"मग जातो आम्ही दुसऱ्या गावाला," जावई वैतागून म्हणाले.

अडलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही. भिकूने सगळ्यांच्या बॅगा उचलल्या, मंडळींना थेट एसटीच्या दारात नेऊन सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत हात हलवत उभा राहिला.

तेवढ्यात शेवंती टोपली घेऊन आली. "कोण हो ती माणसं?"

"पाहुणे. आपल्याकडे आठवडाभर राहायला आले होते."

"मग गेले कुठे?"

"सुर्व्यांच्या हातून मोठी चूक होत होती," भिकू छाती फुगवून म्हणाला. "मी होऊ दिली नाही."

शेवंतीने टोपली शांतपणे खाली ठेवली. ती एक अक्षरही बोलली नाही.

आता सांगून टाकतो. गोष्टीतलं हे शेवटचं वाक्य मी पदरचं घातलं आहे. शेवंती बोलली. जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, आणि ते इतक्या मोठ्याने बोलली की खाडीच्या वळणावर एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच कोणी शिव्या देतंय. त्याने गाडी उलटी फिरवून आणली.

मंडळी उतरली. दोन्ही खोल्या भरल्या, ओटीवरही गाद्या पडल्या. गोण्या दादाच्याच अंगणात राहिल्या.