कासवाच्या पापणीखालचा कृमी

“मग नाव कुणाचं दिलंस?”

“तुमचं, बाई. दुसऱ्या कुणाचं देणार?”

कमलिनीबाई वैशंपायन समोरच्या स्लाइडकडे वळल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. गोदावरीकाठच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. उरलेला वेळ दिला तो नदीतल्या कासवांच्या तोंडात, आतड्यात, डोळ्यांत राहणाऱ्या चपट्या कृमींना. त्यांतली एक प्रजाती त्यांनीच प्रथम जगापुढे मांडली. तेहेतीस वर्षं ती पुस्तकांत आहे.

दिगंबर शिरसाट त्यांचा विद्यार्थी. आता स्वतः प्राध्यापक. पंधरा दिवसांपूर्वी वनखात्याच्या उपचार केंद्रात डोळा सुजलेलं एक कासव आलं. डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यानं डोळा धुतला, तर पापणीखालून चार कृमी निघाले. दिगंबरनं ते रंगवून काचेवर बसवले, मापं घेतली, आकृत्या काढल्या, निबंध लिहिला. नवी प्रजाती! शनिवारी कॉलेजात त्याचा सत्कारही ठरला.

आज सकाळी डोळा परत धुतला, तेव्हा पाचवा निघाला. जिवंत. तो कुपीत घालून, आधीच्यांची स्लाइड आणि निबंध घेऊन दिगंबर बाईंकडे आला होता.

“वेगळं काय दिसलं, सांग.”

दिगंबरला हेच हवं होतं. तो उभ्यानंच बोलू लागला.

“अंग रुंद आहे, बाई. तुमच्या प्रजातीच्या जवळजवळ दीडपट. मागच्या तबकडीवर त्या सहा वाट्या असतात ना, चिकटून राहायच्या... तुमच्यात त्या एकमेकींना टेकलेल्या आहेत. इथे मधे चक्क फट आहे. शिवाय वृषण गोल. तुमच्यात लांबट.”

“आणि काटे?”

“कुठले?”

“जननछिद्राभोवतीचे.”

“ते... सोळा.”

“माझ्यात किती?”

दिगंबर घुटमळला. “तुमच्या निबंधात आकडा नाही, बाई.”

“नसणारच. मोजलेच नव्हते मी. घाई झाली होती छापायची.”

बाईंनी स्लाइड उचलून उजेडात धरली.

“वरची काच किती दाबलीस?”

“नेहमीसारखीच.”

“अंगठा दाखव.”

दिगंबरनं हात पुढे केला. बाईंनी अंगठा नीट न्याहाळला.

“चांगला दणकट आहे. अरे, असा दाबला तर मीसुद्धा रुंद होईन. काटे तेवढे दाबून कमी-जास्त होत नाहीत.”

दिगंबरचा चेहरा पडला.

“म्हणजे ही नवी नाही, असं म्हणताय?”

“मी कुठे काय म्हणतेय? कुपीतल्याला विचारू.”

बाईंनी वॉच ग्लासच्या उथळ काचबशीत मिठाच्या पाण्याचे चार थेंब घातले आणि ड्रॉपरनं कृमी अलगद त्यात सोडला. तांदळाच्या कणीएवढा जीव. वर काच नाही, अंगठा नाही.

“बस. तू बघ, मी ऐकते.”

दिगंबरनं डोळा लावला.

“आखडलाय... रुंद झालाय. वाट्या सुट्या सुट्या... बाई, ही बघा, माझीच!”

“थांब जरा.”

...

“काय झालं?”

“लांबला, बाई.”

“वाट्या?”

“टेकल्या.” त्याचा आवाज उतरला. “आता ही... तुमची आहे.”

“म्हणजे तुझी नि माझी एकच.”

दिगंबर खुर्चीत मागे रेलला.

“शनिवारी सत्कार आहे हो, बाई.”

“असू दे. अजून बघ.”

त्यानं पुन्हा डोळा लावला. मग मान वर केली आणि कुपीचं बूच उगाच लावत, काढत बसला.

“बोल की.”

“काही नाही, बाई.”

“दिगंबर...”

“अजून लांबलाय. दोऱ्यासारखा.” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “ही ती शंभर वर्षांपूर्वीची.”

शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी वर्णन केलेली ती सगळ्यांत जुनी, अंगानं बारीक प्रजाती. बाईंनी आपली प्रजाती तिच्यापासूनच वेगळी काढली होती. ‘जुनीहून रुंद’, हेच त्यांचं कारण होतं.

“सरक,” बाई म्हणाल्या.

त्या स्वतः बघत राहिल्या. कृमी आखडला, लांबला, पुन्हा आखडला...

मग बाई उठल्या. कपाटातून एक लाकडी पेटी काढली. तिच्यातली पहिलीच स्लाइड कडेला पिवळी पडली होती. तेहेतीस वर्षांपूर्वीचा त्यांचा कृमी. तो मायक्रोस्कोपखाली ठेवून त्या ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या.

“तेरा... चौदा... पंधरा...”

त्या थांबल्या.

“सोळा.”

...

“त्या जुन्या वर्णनात किती दिलेत रे?”

दिगंबरला ते तोंडपाठ होतं. तरी त्यानं वेळ लावला.

“सोळाच, बाई.”

मग दिगंबर घाईघाईनं म्हणाला, “बाई, मी हे कुणाला सांगणार नाही. माझं मी मागे घेतो. तुमचं आहे तसं राहू दे.”

“मग आलास कशाला माझ्याकडे?”

एवढं म्हणून बाई हसू लागल्या. आधी खांदे हलले, मग डोळ्यांना पाणी आलं, मग त्यांना खुर्चीच धरावी लागली. दिगंबरला कळेना, हसावं की पाया पडावं. शेवटी तोही हसला.

“तेहेतीस वर्षं!” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “तेहेतीस वर्षं पोरांना पाठ करायला लावली मी ती!”

“मीही केली होती, बाई. परीक्षेला आली होती.”

“किती मार्क पडले?”

“पैकीच्या पैकी.”

बाईंना पुन्हा हसू आलं.

त्यांनी निबंध पुढे ओढला. पेन्सिलीनं आधी नव्या प्रजातीचं नाव खोडलं. मग खाली, संदर्भांत, आपल्या स्वतःच्या प्रजातीचं. मग पेन्सिल दिगंबरच्या हातात दिली.

“वरचं तू लिही.”

दिगंबरनं मथळा बदलला. जुनी, बाईंची आणि आपली, तिन्ही एकच; काटे मोजावेत, काच दाबू नये. एवढं लिहायला त्याला दोन ओळी पुरल्या. निबंध मात्र पहिल्यापासून पुन्हा लिहावा लागणार होता.

त्यानं प्राचार्यांना फोन लावला. नवी प्रजाती नाही म्हणून सांगितलं. प्राचार्य म्हणाले, “पण हॉल ठरलाय, शिरसाट. भाषण तरी द्या. हेच सांगा.”

“हेच सांगतो, सर,” दिगंबर म्हणाला. फोन ठेवला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

बाईंनी चहा आणला. दिगंबर पुन्हा मायक्रोस्कोपला चिकटला होता. चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“आखडला... लांबला... बाई, आता वळला बघा! ही आकृती तर कुठल्याच पुस्तकात नाही.”

बाई आपला चहा पीत राहिल्या.

बऱ्याच वेळानं दिगंबरनं डोळा काढला.

“बाई, एवढी वर्षं बघताय तुम्ही याला. बघताक्षणी ओळखता येतो?”

बाईंनी कप खाली ठेवला.

“कालपर्यंत येत होता.”