जागेपणीचं घोरणं

फार फार वर्षांपूर्वी एका तळ्याकाठी एक राज्य होतं. तिथलं धुकं दुपारपर्यंत जागचं हलत नसे. एकदा तिथल्या राजाला स्वप्न पडलं, की चंद्रासारख्या वाटोळ्या तोंडाची कुत्री धुक्यातून तरंगत येताहेत. झालं! तशीच कुत्री हवीत, असा त्यानं हट्ट धरला. राजाची हौस ती, तिला कोण आवर घालणार?

राजाची कुत्री सांभाळायला एक राखणदार होता. हात मायेचा, पण जीव मानाचा भुकेला. दरसाल वसंतात तो पिल्लांच्या नाकावर जवाचा दाणा ठेवी. दाणा घसरला, की पिल्लू गावात देऊन टाकी. दाणा टिकला, तर त्याचीच वीण पुढे वाढवी. वर्षागणिक नाकं बसकी होत गेली आणि राखणदाराला सोन्याचं कडं मिळालं.

ती कुत्री दिवसभर मंद घोरत. त्या आवाजावर अख्ख्या राजवाड्याला पेंग येई. "काय गोड घोरतात गं बाई!" राण्या म्हणत. दरबारी गवई तर त्या सुरात तंबोरा लावी. आता बोला!

राखणदाराची सगळ्यांत लाडकी कुत्री मोगरी. एके सकाळी त्याची बायको तिच्याजवळ बसून म्हणाली, "अहो, ही घोरते म्हणता, पण हिचे डोळे तर टक्क उघडे आहेत. जागेपणी कुणी घोरतं का? श्वास पुरत नाही हो तिला!"

राखणदारानं मोगरीच्या नाकाशी हात धरून पाहिला. पण तो म्हणाला, "गप्प बस. महाराजांना असंच आवडतं."

त्या दुपारी ऊन कडकडीत पडलं. राजानं तळ्यापलीकडून हाक मारली, "मोगरे, ये!" मोगरी आनंदानं धावत सुटली आणि अर्ध्या वाटेत कोसळली. राखणदारानं तिला मांडीवर घेतलं, पाणी शिंपडलं. थोडा वेळ तिची शेपटी हलत राहिली. मग तीही थांबली.

"काय झालं हिला?" राजानं विचारलं.

"महाराज, श्वास घ्यायला नाक लागतं. हिचं नाक मीच घालवलं," तो हुंदके देत म्हणाला आणि त्यानं कडं काढून राजापुढे ठेवलं. राजाची मान खाली गेली.

दाण्याची चाल त्याच दिवशी बंद झाली. राखणदारानं धनगरांची लांब नाकाची कुत्री आणून नवी वीण सुरू केली. पण जे बिघडवायला बारा वर्षं लागली, ते सुधारायला त्याचं उरलेलं आयुष्य पुरलं नाही. शेवटपर्यंत काही पिल्लं धापा टाकतच वाढली, आणि तो एकेकाला छातीशी धरून "चुकलो रे बाळा, चुकलो" म्हणत बसे.

लेकरांनो, आणि लेकरांच्या आजोबांनो, तुम्हीसुद्धा ध्यानात ठेवा: मुक्या जिवाचा श्वास कोंडून मिळवलेलं रूप हे रूप नव्हे, पाप आहे.